ढाणे सरांची सोडत

ढाणे सरांना ‘काहीही चालेल’ हे वाक्य चालत नसे. टपरीवर कुणी चहा की कॉफी असं विचारलं आणि समोरचा सवयीने ‘काहीही चालेल’ म्हणाला, की सर चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे बघत. “काहीही म्हणजे? काहीही निवडणं माणसाला जमत नसतं. तुम्हाला चहा पाहिजे. फक्त तो दुसऱ्याने ठरवल्यासारखा दिसायला पाहिजे.” माझ्यापुरतं सांगायचं तर मला दर वेळी चहाच हवा असे.

ही नव्वदीच्या उत्तरार्धातली गोष्ट. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमची कंपनी होती. खाली रबराचे वॉशर बनत आणि वर सॉफ्टवेअर. माल दोघांचाही वेळेवर जात नसे, पण खालच्यांच्या मालाला निदान वास तरी यायचा, त्यामुळे काहीतरी चाललंय एवढं कळायचं. आमचे मालक समेळसाहेब यांनी ‘सुलभ’ नावाची स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा काढली होती. पतपेढ्या, दूध संघ, गृहनिर्माण सोसायट्या यांच्या कारकुनांना इंग्रजीला न घाबरता छोटे प्रोग्राम लिहिता यावेत, हा उदात्त हेतू. भाषेत ‘जर’, ‘तर’, ‘नाहीतर’ असे शब्द होते. साहेबांच्या बोलण्यातही मुख्यतः हेच शब्द असायचे.

मी त्या भाषेची माहितीपुस्तिका लिहायला होते. मराठीत एम.ए. करून संगणकाच्या कंपनीत लागलेली म्हणून नेरुळच्या आमच्या कॉलनीत मला मान होता. ऑफिसात नव्हता. तिथे मला मान देणारे एकटे ढाणे सर, आणि त्यांचा मान म्हणजे माझ्या प्रत्येक वाक्यावर घेतलेली हरकत.

सर मूळचे साताऱ्याकडचे. तिकडे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असत. समेळसाहेबांनी त्यांना ‘तुमच्यासारख्या माणसाची गरज आहे’ असं सांगून इकडे आणलं होतं आणि आणल्यापासून साहेबांना त्या गरजेचा पश्चात्ताप होत होता. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि लुडोतला एक फासा, असा त्यांचा कायमचा वेश. रागावले की मात्र कॉलेजातली भाषा गळून पडायची आणि आतला सातारा बाहेर यायचा.

नवीन माणूस कामाला आला की सर त्याची एक परीक्षा घेत. त्याला दोन कागद द्यायचे. एकावर नाणं खरोखर उडवून छापा-काटा काय येतो ते ओळीने लिहायचं, दुसऱ्यावर नाणं न उडवता मनानेच. सर तोवर बाहेर उभे राहत. मग आत येऊन दोन्ही कागदांवर एक नजर टाकत आणि खोटा कागद उचलून त्या माणसाच्या हातात देत. त्यांचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. एकदा मी विचारलंच, की हे ओळखता कसं?

“सोपं आहे, राणेबाई. माणूस मनानं लिहितो तेव्हा त्याला लाज वाटते. तीनदा छापा लिहिला की चौथ्यांदा काटा टाकतो, बरं दिसावं म्हणून. खरं नशीब निर्लज्ज असतं. सलग सात वेळा छापा टाकतं आणि वर आठवा टाकतं.”

नशिबाची एवढी बाजू घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाकी सगळे त्याला शिव्या देतात.

खिशातल्या फाशाचीही एक कथा होती. दुपारचा चहा टपरीवरून कुणी आणायचा यावर आमच्या खोलीत रोज वाद व्हायचा. आम्ही चौघं होतो. समेळसाहेब मालक असले तरी लोकशाहीवादी. त्यांनी फासा टाकायची पद्धत सुरू केली. एक आला तर मी, दोन आला तर हिशेबाचे सावंत, तीन आला तर ढाणे सर, चार आला तर स्वतः साहेब. पाच-सहाचं काय? साहेब म्हणाले, “पाच म्हणजे परत पहिला, सहा म्हणजे परत दुसरा. फिरवून घ्यायचं.” तसं सुरू झालं, आणि मी व सावंत चहा आणून आणून टपरीवाल्याच्या घरच्यासारखे झालो. आम्हाला वाटायचं, आपलं नशीबच फुटकं. सरांनी एके दिवशी फासा उचलून खिशात टाकला. “नशीब नाही फुटकं, पद्धत फुटकी आहे. या दोघांच्या नावावर दोन-दोन बाजू आणि आपल्या दोघांच्या नावावर एकेक. पाच-सहा आला तर तो टाकून द्यायचा आणि परत फेकायचा.” साहेब म्हणाले, “त्यात वेळ जातो हो.” सर म्हणाले, “जाऊ दे. न्यायाला वेळ लागतोच.” त्या आठवड्यापासून साहेबांना वरचेवर चहा आणावा लागू लागला आणि लोकशाहीवरचा त्यांचा विश्वास कमी झाला.

‘सोडत’ या फंक्शनचा जन्म याच स्वभावातून झाला.

फंक्शन म्हणजे भाषेतलं एक तयार हत्यार. नाव घेतलं की ठरलेलं काम करून देतं. ‘सुलभ’मध्ये आधीपासून ‘कोणताही’ नावाचं एक फंक्शन होतं. ‘कोणताही शंभर’ लिहिलं की एक ते शंभरमधला एखादा आकडा मिळायचा. दिसायला अगदी मनमौजी. पण मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं की पहिला आकडा तोच, दुसरा तोच, तिसराही तोच. पाठ केलेल्या कवितेसारखं ते फंक्शन दर वेळी पहिल्या ओळीपासून सुरू करायचं. सरांना हे कळलं तेव्हा ते थेट साहेबांच्या टेबलापाशी गेले.

“चांगलंय की,” साहेब म्हणाले. “चाचणीला सोपं जातं. काल आलं तेच आज आलं पाहिजे.”

“चाचणीसाठी ठेवा. पण उद्या कुणी यातून पासवर्ड बनवील, कुणी चिठ्ठ्या काढील. त्यासाठी वेगळं फंक्शन पाहिजे. पुढचा आकडा कुणालाच सांगता येणार नाही असं. मलासुद्धा.”

मग कित्येक आठवडे ते दोघं त्या फंक्शनवरून भांडत होते आणि मी मध्ये बसून टिपणं घेत होते. एखाद्या घरात मुलीचं लग्न ठरवताना होते तितकी चर्चा झाली. साहेब म्हणाले, सुरुवातीचा आकडा ग्राहकाला देता आला पाहिजे. सर म्हणाले, मुळीच नाही, लोक स्वतःची जन्मतारीख देतील. सर म्हणाले, सोपं आणि छोटं नाव नव्या फंक्शनला द्या. माणूस आळशी, हाताशी येईल ते वापरतो. जुन्याचं नाव ‘फक्त तालमीपुरता कोणताही’ असं लांबलचक करा म्हणजे वापरताना टोचेल. साहेब म्हणाले, नाव बदललं तर जुन्या ग्राहकांचे प्रोग्राम बंद पडतील आणि ते आपल्याला टोचतील. तिथे साहेब जिंकले. ‘कोणताही’ आपल्या जागी तसंच राहिलं.

नव्या फंक्शनला अनिश्चितता आणायची कुठून, हा खरा प्रश्न. मशीन मुळातच आज्ञाधारक. त्याच्याकडे लहर नसते. ती माणसाकडून घ्यावी लागणार होती. सरांनी तोडगा काढला, की बसलेल्या माणसाला काही वेळ कळा दाबायला सांगायचं. कुठली कळ दाबली त्याला महत्त्व नाही. दोन कळांमध्ये किती वेळ गेला ते मशीन मोजणार आणि त्या वेड्यावाकड्या अंतरांमधून आकडे काढणार.

“आणि पुरेसं वेडंवाकडं नाही मिळालं तर?” साहेबांनी विचारलं.

“तर आणखी मागायचं.”

“तरी नाही मिळालं तर?”

“तर नाही म्हणायचं.”

“ग्राहकाला नाही?” साहेबांचा चेहरा पडला. “अहो ढाणे, धंद्यात नाही म्हणायचं नसतं. ‘बघतो’ म्हणायचं. निदान शून्य तरी द्या.”

“शून्य हेसुद्धा उत्तरच झालं. लोक ते खरं धरून चालतील.” आणि मग सातारा बाहेर आला. “‘बघतो’ म्हननारं फंक्शन मी लिव्हनार न्हाई.”

पडद्यावर काय दाखवायचं ते मी लिहिलं होतं, ‘कृपया कळा वाटेल तशा दाबाव्यात.’ सरांनी ‘वाटेल तशा’ खोडलं, वाटण्याचा काही संबंध नाही म्हणून. ‘कृपया’ही खोडलं. शेवटी उरलं ते असं: ‘कळा दाबत राहा. पुरे झालं की सांगेन.’ असं उद्धट सॉफ्टवेअर नवी मुंबईत तरी दुसरं नसावं.

एवढ्यात कामोठ्याचं प्रकरण आलं. कामोठ्यात तेव्हा रस्ते कमी आणि इमारतींचे सांगाडे जास्त होते. तिथे तुर्भ्याच्या बाजारातली माणसं आणि इकडचे-तिकडचे नोकरदार अशांनी मिळून एक सोसायटी उभी केली होती. ढाणे सर तिचे सभासद. तळमजला आणि वर चार मजले अशी इमारत तयार झाली, लिफ्ट नाही, आणि कुणाला कुठला मजला हे सोडतीने ठरवायचं होतं. सरांमुळे ते काम आमच्याकडे आलं आणि जाहिरात होईल म्हणून साहेबांनी ते फुकट घेतलं.

या सोडतीत सगळ्यात जास्त जीव अडकला होता तो सरांच्या पत्नीचा. शालनवहिनींच्या उजव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला. कोपरखैरण्याला भाड्याच्या घरात त्या तिसऱ्या मजल्यावर राहत. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर त्या बसून घ्यायच्या, आणि बसल्या बसल्या त्या मजल्यावरच्या बायकांशी गप्पा मारायच्या, म्हणजे दम लागलाय हे कुणाला दिसू नये. कामोठ्याला तळमजला मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी नवस बोलला होता, आणि सरांना ते सांगितलं नव्हतं.

सोसायटीचे चेअरमन कदम बाजारात मापाडी होते. त्यांनी आधी एक रंगीत तालीम करायचं ठरवलं. सर नेमके पुतण्याच्या लग्नाला साताऱ्याला गेले होते, म्हणून सावंत मशीन घेऊन गेले. त्यांनी हाताशी होतं ते ‘कोणताही’ लावलं. यादी निघाली. कदम म्हणाले, “आता मशीन बंद करा आन् परत काढा.” परत काढली. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत तीच यादी! सभासदांनी टाळ्या वाजवल्या. बाजारात पोत्याच्या वजनाची शंका आली की पोतं उतरवून पुन्हा काट्यावर चढवतात; दोन्हीदा तेच वजन आलं तर काटा खरा. कदमांनी आयुष्यभर हेच केलं होतं. “मशीन इमानदार हाय,” त्यांनी जाहीर केलं. “दोनदा इचारलं, दोनदा तेच बोललं.” खरी सोडत पुढच्या रविवारी व्हायची होती, पण जो तो आपला मजला मनात धरूनच घरी गेला.

त्या यादीत ढाण्यांना तळमजला होता. वहिनींनी खिडकीखाली तुळस कुठे ठेवायची तेही ठरवून टाकलं.

सर साताऱ्याहून आले. सावंतांनी त्यांना मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. सरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

साहेबांनी आधीच ओळखलं. “ढाणे, गप्प बसा. तुम्हालाच तळमजला आलाय. कुणाची तक्रार नाही. उद्या आपणच सांगायचं का, की आमचं फंक्शन फालतू आहे?”

“सांगावं लागेल,” सर म्हणाले.

ते तसेच तुर्भ्याला कदमांकडे गेले. मला बरोबर नेलं, कारण त्यांच्या मते मला ‘लोकांना समजेल असं बोलता येतं’. प्रत्यक्षात मला तोंड उघडावं लागलं नाही. सर पोत्यांच्या थप्पीपाशी उभे राहून म्हणाले, “कदम, पोत्यात तांदूळ आधीच भरलेला असतो. म्हणून दोनदा मापलं तर तेच येतं. सोडतीच्या पोत्यात आधी काही असता कामा नये. तुमच्या पोत्यात यादी आधीच होती. नावं भरायचा क्रम ज्याच्या हातात, त्याला पाहिजे तो मजला मिळवता आला असता.”

कदमांनी समोरच्या पोत्यावर थाप मारली. “म्हंजे आमी सोडत काढलीच न्हाई. व्हती ती यादी फकस्त मापली.” मग म्हणाले, “पन सर, यात तुमचंच नुकसान हाय.”

“त्याचा इथे संबंध नाही.”

घरी मात्र संबंध होता. वहिनींनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. मी भेटायला गेले तेव्हा मला म्हणाल्या, “ह्यांना संख्याशास्त्र येतं, बाई. पण बायको एकच असली की त्या शास्त्राचा उपयोग होत नाही.”

रविवारी सकाळी इमारतीखाली मांडव घातला होता. टेबलावर मशीन, वॉचमनच्या खोलीतून ओढलेली वायर, समोर सगळे सभासद बायकामुलांसह. आपलं जुनं नशीब रद्द झाल्यामुळे बहुतेकांची तोंडं वाकडी. कळा दाबायला कळंबोलीला टायपिंग क्लास चालवणाऱ्या लिमयेबाईंना बसवलं होतं. हा कदमांनी केलेला बाईंचा सन्मान होता, आणि नेमका तोच नडला. लिमयेबाईंचा हात असा तयार, की दोन कळांमधलं अंतर एकसारखं घड्याळासारखं पडे. मशीन म्हणे, ‘कळा दाबत राहा.’ बाई दाबत राहत. मशीन पुन्हा म्हणे, ‘कळा दाबत राहा.’ इतकी वर्षं ज्या गोष्टीचं कौतुक झालं, तीच आज मशीनला पसंत नव्हती. बाई रडकुंडीला आल्या. लोक हसायला लागले, मग ओरडायला.

“जुनं लावा, ढाणे,” साहेब दातओठ खात कुजबुजले. “अब्रू जातेय.”

“नाही म्हणतंय ते बरोबर म्हणतंय,” सर म्हणाले. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

तेव्हा बायकांमधून शालनवहिनी उठल्या. खुर्च्यांना धरत धरत पुढे आल्या, लिमयेबाईंच्या जागी बसल्या आणि कळांवर तुटून पडल्या. चार कळा धडाधड, मग थांबून नवऱ्याकडे एक जळजळीत कटाक्ष, मग दोन कळा, पुन्हा कटाक्ष, मग तळहाताने एकदम सगळ्याच. मशीनने लगेच सांगितलं, ‘पुरे झालं.’ मांडवात हशा पिकला. सरसुद्धा हसले.

मग यादी वाचली गेली. तळमजल्यावर कदम आले. ढाणे चौथ्या मजल्यावर.

“परत काढा!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि बघता बघता निम्मा मांडव तेच म्हणू लागला. सरांनी मशीनची वायर हातात धरली. “परत काढली तर दुसरीच येईल. मग कुठली खरी म्हणणार?”

“मंग हीच खरी कशावरनं?” कदमांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

“ही आधी आली म्हणून. आवडेपर्यंत काढत बसायची असेल तर ती सोडत नाही.”

ओरडणारे खाली बसले. वहिनी अजून खुर्चीतच होत्या. त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या, “नशीब सगळ्यांना सारखं वाटलंत, छान झालं. पण पाय सगळ्यांना सारखे नसतात.”

कदम खाली मान घालून म्हणाले, “सर, आधी सांगितलं असतंत तर वहिनींसाठी तळमजल्याचं एक घर आमी सोडतीतनं बाजूलाच काढलं असतं. कोन न्हाई म्हनलं असतं का? इचारायचं व्हतं.”

सरांचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेले नाही. कसं निवडायचं याचा त्यांनी इतके आठवडे विचार केला होता. कोणाला निवडीत घालायचंच नाही, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. आणि त्यांना ते तिथे, सगळ्यांसमोर कळलं.

ते कामोठ्याला चौथ्या मजल्यावर राहायला गेले. ऑफिसात सर कमी बोलू लागले. एक दिवस त्यांनी मला पुस्तिकेत ‘सोडत’च्या पानावर एक ओळ वाढवायला सांगितली: ‘सोडतीत कोणाला घालू नये हे या फंक्शनला कळत नाही, ते माणसांनी आधी ठरवावे.’ साहेबांनी ती काढून टाकली. ग्राहकाला उगाच विचारात पाडू नये म्हणाले.

पुढे मला शाळेत नोकरी मिळाली आणि मी कंपनी सोडली. निरोपाच्या दिवशी सर म्हणाले, “राणेबाई, एक काम आहे. कामोठ्याला येता का? मला एक गोष्ट मागायची आहे आणि मागायचं कसं ते मला माहीत नाही. कधी केलेलं नाही.”

त्या संध्याकाळनंतर आमची भेट झाली नाही, म्हणून ती मला नीट आठवते. कदमांच्या दारापाशी येईपर्यंत सरांनी वाटेत माझ्याकडून वाक्यं घोटून घेतली होती. दार उघडलं आणि ती सगळी विसरले.

“कदम, तुमचं घर मला द्या. आमचं तुम्ही घ्या.”

कदम चौकटीला टेकून उभे राहिले. डोळ्यांत मिश्कील हसू. “सर, ही अदलाबदल सोडतीत बसती का?”

“नाही.”

“काय न्याव-बिव?”

“नाही. काही नाही.”

“मंग कशी करायची?”

“मी मागतोय म्हणून.”

कदमांचं हसू गेलं. त्यांनी आत हाक मारली, “अगं, भांडी काढाया घे.” मग सरांकडे वळून म्हणाले, “सोडत झाली तवापासनं आमी दोघं वाट बघतोय, सर. पन तुमाला कोन बोलनार? तुमी आमालाच गनित शिकवलं असतंत.”

सर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि चष्मा पुसत राहिले. तेवढ्यात वरून, चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून वहिनींचा आवाज आला, “काय हो, मागितलंत का?”

 कदमांनीच मान वर करून ओरडून सांगितलं, “मागितलं, वहिनी! या खाली!”